वर्षालीच्या स्प्रेच्या बाटल्या

पार्बताबाई अकोल्यात, जठारपेठेत, फुलं विकतात. नवरा देवीदास शेतात फुलं पिकवतो आणि पार्बताबाई ती हातगाडीवर मांडून दिवसभर हार ओवत बसतात. लेक वर्षाली मात्र फुलांत रमली नाही. तिने त्याच रस्त्यावर, चार दुकानं सोडून, कार धुण्याचं केंद्र काढलं. बाई माणूस पाण्याचा पाइप घेऊन गाड्यांशी झटतंय म्हणून सुरुवातीला लोक थांबून बघायचे. आता तिच्या दारात गाड्यांची रांग असते.

लेकीचं कौतुक पार्बताबाईंना होतंच. खुपायची एकच गोष्ट, तिच्या बाटल्या. वर्षाली लिक्विडचे मोठे कॅन आणायची, लागेल तसं पाणी घालून जुन्याच स्प्रेच्या बाटल्यांत भरायची. खटका बिघडला की दुसऱ्या मोडक्या बाटलीची स्प्रिंग काढून बसवायची. प्रत्येक बाटलीच्या गळ्यात जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली. काचेच्या लिक्विडला हिरवी, टायर पॉलिशला पिवळी, आणि चाकांवरचा काळा थर काढणाऱ्या जळजळीत लिक्विडला लाल. पेनाने लिहिलेलं नाव पुसून जातं, चिंधी जात नाही. हिरव्या चिंधीच्या बाटलीत दुसरं काही भरायची कोणाची बिशाद नव्हती. पॉलिशचा तेलकटपणा काचेवर गेला तर पावसात गाडी चालवणाऱ्याला समोरचं दिसत नाही, हे ती कामाला येणाऱ्या प्रत्येकाला बजावून सांगायची.

उन्हाळा चढला तशी फुलं दुपारच्या आत मान टाकू लागली. पार्बताबाई लेकीकडे गेल्या.

"वर्षाली, एक बाटली दे वो. फुलाइवर पाणी माराले."

"ह्यातली नाई माय. तुले नवी आणून देईन."

"नवी कायले? इतक्या पडल्या हायेत तुह्याजवळ."

"पडल्या नाईत, कामाच्या हायेत."

पार्बताबाई रिकाम्या हाताने परतल्या. पोटच्या पोरीला मायसाठी एक जुनी बाटली सुटत नाही, हे त्यांच्या मनाला फार लागलं.

दुसऱ्याच दिवशी मोरोपंत वकिलांच्या देवश्रीचं लग्न होतं. गाडी सजवायचं काम सरोजिनीबाई वकिलीणबाईंनी पार्बताबाईंकडे दिलं होतं. निशिगंधाच्या माळा ओवून झाल्या, पण ऊन आत्ताच चटके देत होतं. वर्षाली पाण्याची मोटर दुरुस्त करून आणायला गेली होती. तिच्या टिनाच्या शेडमध्ये एका कोपऱ्यात, भंगारात द्यायच्या बाटल्यांचं खोकं पार्बताबाईंना दिसलं. त्यांच्या गळ्यात चिंध्याही नव्हत्या. टाकायच्याच आहेत, तर घेतली म्हणून काय बिघडतं? त्यांनी एक उचलली, नळावर दोनदा खळखळून धुतली, वास घेऊन पाहिला आणि पाणी भरलं. डाव्या हातात माळ धरून त्यांनी खटका दाबला. आधी थोडं डाव्या हाताच्या बोटांवर गळलं, मग फवारा सुरू झाला.

थोड्या वेळाने बोटं चुरचुरायला लागली. मिरचीचा हात लागला असेल, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात माळेकडे लक्ष गेलं. पांढऱ्याशुभ्र कळ्यांवर तपकिरी ठिपके उमटत होते.

वर्षाली परत आली ती हे बघूनच गाडीवरून उतरली.

"माय! टाक ते खाली!"

तिने आईचा हात धरून नळाखाली नेला आणि कितीतरी वेळ वाहत्या पाण्यात धरून ठेवला. पार्बताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी धुतली होती वो, दोनदा."

"बाटली धुतली माय. पण नळीतलं न् खटक्यातलं तसंच राह्यलं ना. साफ पाणी भरून दाबत राहा लागते, तवा ते निंगते. लाल चिंधीची होती ते."

आता ही चार शब्द ऐकवणार, अशी पार्बताबाईंची खात्री होती. तेवढा हक्कही तिला होता. पण वर्षाली आईची बोटं ओल्या फडक्याने टिपत म्हणाली, "चूक माही हाये. चिंधी काढून नुसतीच ठेवून देली. तिले भोक पाडाले पायजे होतं, म्हणजे कोणी पाणीच भरलं नसतं."

आईला डॉक्टरांकडे न्यायच्या आधी तिने स्वतः सरोजिनीबाईंना फोन लावला. काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं आणि थोडा वेळ मागितला. मग बापाला फोन करून शेवंती तोडायला लावली. गाडी घेऊन सरोजिनीबाई आल्या तेव्हा शेवंती नुकतीच पोचली होती. त्या रागावतील म्हणून पार्बताबाई उठून उभ्या राहिल्या.

"अहो, फुलांचं राहू द्या," सरोजिनीबाई म्हणाल्या, "आधी हात दाखवा बघू."

बोटं लाल झाली होती, इतकंच. चार दिवसांनी वरची साल गेली. त्या दिवशी हार वर्षालीने बांधले आणि पार्बताबाई उजव्या हाताने एकेक पुढे करत राहिल्या. नवरी शेवंतीच्या गाडीतून गेली आणि कोणाला काही कळलंही नाही.

तेव्हापासून वर्षालीच्या शेडमधून एकही बाटली भोक पाडल्याशिवाय भंगारात जात नाही. भंगारवाले नत्थुजी पहिल्यांदा कुरकुरले, पण कारण ऐकल्यावर तशाच घेऊ लागले. फुलांसाठी नवी कोरी बाटली आली आणि तिला पांढरी चिंधी बांधली पार्बताबाईंनीच.

गेल्या हिवाळ्यात अमरावतीच्या एका बचत गटाने वर्षालीला बोलावलं. तिथल्या बायांना गाड्या धुण्याचं काम सुरू करायचं होतं. पार्बताबाईही सोबत गेल्या. वर्षालीने सगळं नीट समजावून सांगितलं. मग एका बाईने विचारलं, "जुनी बाटली चांगली धुतली, तर दुसरं काई भरलं तं काय होते?"

वर्षाली बोलणार तोच पार्बताबाई उभ्या राहिल्या. "हे मी सांगतो," म्हणाल्या, आणि आपलीच चोरी, आपलीच फजिती त्यांनी भर सभेत रंगवून सांगितली. बाया हसल्या, मग बोटांचं आलं तशा पुढे सरकून ऐकू लागल्या. वर्षाली लाजून पदराशी चाळा करत होती. "ह्या पोरीनं मले एका शब्दानंबी दुखवलं नाई," त्या शेवटी म्हणाल्या, "पण काम मात्र मले शिकवलं." मग त्या खाली बसल्या, आणि बाया उठून वर्षालीभोवती जमल्या.