फुलाफुलांची चादर

कपाट उघडलं, डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मी पुन्हा प्रेत होते. कॉलेजात असताना आम्ही एक रहस्यमय एकांकिका बसवलेली, जुन्या हवेलीत एका मुलीचा खून होतो अशी. ती मुलगी मी. तालमी कोपरीतल्या एका मिठागरवाल्यांच्या बंगल्यात चालायच्या, कारण हवेली म्हणावी असं उंच छताचं दुसरं घर आमच्या ओळखीत नव्हतं. खिडकीतून खाडीचा खारट वारा यायचा आणि मी गार लादीवर डोळे मिटून पडलेली असायचे. दिग्दर्शकानं माझ्यावर घालायला पांढरी चादर मागितली, तेव्हा बंगल्याच्या मालकीणकाकी म्हणाल्या, "जित्या पोरीवर पांढरी नाय घालाची," आणि ट्रंकेतून डांबराच्या गोळ्यांच्या वासाची, लाल फुलाफुलांची काढून दिली. "अहो काकी, खून आहे हा, बारसं नाही," तो कुरकुरला. स्पर्धेच्या प्रयोगाला त्यानं गुपचूप पांढरीच आणली. पडदा उघडला तशा पहिल्या रांगेतल्या काकी उठल्या, पायऱ्या चढून थेट रंगमंचावर आल्या, पांढरी ओढून काढली आणि आपली फुलांची, तोंड उघडं ठेवून, गळ्यापर्यंत पांघरली. इन्स्पेक्टर झालेला मुलगा संवादच विसरला, लोक खो खो हसले. माझ्या कपाळावरून मात्र एक खरखरीत हात फिरला. "नीज गो बाय," त्या पुटपुटल्या. बक्षीस अर्थातच गेलं, ती चादर तेवढी माझ्याकडे राहिली. मध्यंतरी ऑपरेशननंतर शुद्धीवर आले, तर अंगावर हॉस्पिटलची पांढरी चादर. मुलगी विचारत होती, "आई, पाणी देऊ?" मी म्हटलं, "पाणी राहू दे, आधी घरून फुलांची चादर आण."