बायकोला कळत कसं नाही

जुन्या पेपरबॅकचा कुबट वास आला की सौदीतल्या अल-खोबरचा फ्लॅट आठवतो, दिवसभर घरघरणारा एसी आणि पुस्तकांवर बसणारी बारीक वाळू. बिल्डिंगमधल्या आम्हा मराठी बायकांत सुट्टीहून आणलेल्या इंग्रजी कादंबऱ्या फिरत. त्यांत नवरा काहीतरी लपवतो आणि बायकोला ते तीनशेव्या पानावर कळतं. त्या दुपारी तसलीच एक परत करायला मी शेजारणीकडे गेले आणि तावातावाने म्हणाले, “मूर्खच आहे ही बाई. एका घरात राहून बायकोला कळत कसं नाही?” तिचा नवरा माझ्या नवऱ्याच्याच ऑफिसात होता. कॉफी पुढे करत ती म्हणाली, “वहिनी, भाऊजींची नोकरी जाऊन महिना झाला म्हणे. हे सांगत होते. कायमचं परत जाताना सामान कार्गोने पाठवणार की इथेच विकणार?” मी म्हटलं, “बघू, अजून ठरलं नाही.” कॉफी संपवली, कप विसळून ठेवला आणि दुसरी कादंबरी घेऊन घरी आले. संध्याकाळी नवरा रोजच्यासारखा टाय सैल करत आला. “आज फार काम होतं,” म्हणाला. मी चहा टाकला. तसल्या कादंबऱ्या मी अजूनही वाचते. त्यांतल्या बायकांना मात्र मूर्ख म्हणत नाही.