फ्रिजमधली डबी

कोटरा वस्तीतले आमचे शेजारी मूळचे नागपूरचे. आमच्याकडे अंडी शिजतात, म्हणून ते उंबऱ्याबाहेरूनच बोलतात. कधी पाणीही घेत नाहीत.

गल्लीतली एक मांजर जुलाबांनी वाळत चालली होती. रविवारी ते पिशवीत गुंडाळलेली डबी घेऊन आले.

"वहिनी, तिची शी आहे. दवाखाना उद्या उघडेल, तोवर थंड ठेवायची आहे. आमच्या फ्रिजमध्ये कशी ठेवणार?"

म्हणजे आमच्या चालते. मला रागच आला, तरी अंड्यांखालच्या कप्प्यात ठेवली.

तपासणीत जंत निघाले, औषध सुरू झालं. गुरुवारी ते पुन्हा आले आणि चपला काढून चक्क आत येऊन बसले.

"आज जेवली ती," म्हणाले. "मलाही थोडा चहा टाका."