पाचशेचा रोही

खोडके सरांच्या हातात कोणी दहाची नोट ठेवली, की ते आधी ती उलटी करत. मागच्या बाजूला गेंडा, हत्ती आणि वाघ अशी तीन तोंडं असत. नापास पोरांच्या वह्यांकडे पाहावं तसं त्यांच्याकडे पाहून सर म्हणत, "तिघंही बाहेरगावचे." मग नोट खिशात जाई.

मी चिखलीच्या शाळेत मराठी शिकवायला रुजू झाले, तेव्हा सर तिथे चित्रकला शिकवत होते. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी विचारलं, "मॅडम, आपल्या बुलडाण्याचं एक तरी जनावर नोटेवर आहे काय?"

नव्या माणसाची अशी काहीतरी परीक्षा घेतात, असं मला वाटलं. मी म्हणाले, "वाघ."

"पाह्यला काय तुम्ही?"

"नाही."

"मीबी नाही. मंग आपला कसा?"

त्यांच्या तरुणपणी दहाच्या नोटेवर मोर होते. त्यांना काढून हे तिघे आणले, याचा सरांना मनापासून राग होता. "मोर आपला होता. चांगला बांधावर नाचत होता. त्याले काढलं आन् गेंडा आणला. गेंडा काय मलकापूरले राह्यते?"

पुढे नव्या नोटा आल्या. स्टाफरूममध्ये सगळे रंगावर आणि आकारावर बोलत होते. सर मात्र सुतक असल्यासारखे बसले होते. दहाच्या नोटेवरचे ते तिघेही गेले होते आणि त्यांच्या जागी देवळाचं चाक आलं होतं. ज्यांना इतकी वर्षं बाहेरगावचे म्हणून नावं ठेवली, त्यांच्यासाठी हा माणूस हळहळत होता. नंतर कधीतरी एक वाघ दूरच्या जंगलातून चालत चालत आमच्या ज्ञानगंगेच्या रानात येऊन राहिला. सगळा जिल्हा चक्रावला. सर शांतपणे म्हणाले, "नोटेवरून काढलं त्याले. कुठंतरी तर राहाच लागते ना."

त्यांच्या निवृत्तीला काही महिने उरले असताना मुख्याध्यापकांनी शाळेची रस्त्याकडची भिंत त्यांच्या ताब्यात दिली. विषय होता 'आपला जिल्हा'. मुख्याध्यापकांच्या डोळ्यांसमोर देवळं, सरोवर, फार तर कापसाची बोंडं असावीत. सरांनी भिंतीवर दाराएवढ्या नोटा काढल्या. दहाच्या नोटेवर तितर, विसाच्या नोटेवर पळसाची फुललेली फांदी, पन्नासवर घोरपड, शंभरवर अस्वल. आणि पाचशेच्या नोटेवर, मान ताठ करून, तोंडात हरभऱ्याचा डहाळा धरून, रोही. पुण्याकडचे लोक ज्याला नीलगाय म्हणतात आणि गाय म्हणून हात जोडतात, तोच आमच्याकडचा रोही.

गावाने भिंतीचं कौतुक केलं. अपवाद भास्कररावांचा. ते शाळा समितीचे अध्यक्ष होते आणि त्यांचं शेत मेहकर रस्त्याला, अगदी रोह्यांच्या वाटेवर. भिंतीसमोर त्यांनी मोटारसायकल थांबवली.

"सर, हे काय काढलं?"

"रोही."

"थे दिसते मले. माहा सारा हरभरा खाल्ला यानं, आन् तुम्ही याले पाचशाच्या नोटेवर बसवता?"

"तुमचा हरभरा खाऊनच तो पाचशाचा झाला ना भाऊ! नाहीतर दहाच्याच नोटेवर बसवला असता."

जमलेले लोक हसले. भास्करराव हसले नाहीत. चार दिवसांत पोलिसांकडे तक्रार गेली, की शाळेच्या भिंतीवर देशाच्या चलनाची विटंबना चालली आहे. एक जमादार आले. त्यांनी बराच वेळ भिंत न्याहाळली आणि विचारलं, "ही नोट चालते कुठं?"

"भिंत उचलून दुकानात न्या साहेब, आन् इचारा," सर म्हणाले.

जमादार हसले, पण काय लिहायचं ते लिहून गेले. मागोमाग वरच्या कार्यालयातून सरांना खुलासा मागणारी नोटीस आली, आणि मग गंमत राहिली नाही. चौकशी लांबली असती तर पेन्शन अडकली असती. मुख्याध्यापक म्हणाले, चुना मारून टाका. मीही तेच म्हणाले. सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, सारी नोकरी मी पोरायले पेला आन् केळं काढाले शिकवलं. पेला आन् केळं. हे एकच माह्या मनानं काढलं होतं."

रविवारी ते स्वतःच चुन्याची बादली घेऊन गेले. मुख्याध्यापकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

सोमवारी आम्ही पाहिलं तर तितर, घोरपड, अस्वल सगळी मंडळी जागच्या जागी होती. सरांनी आकडे, 'रुपये' हा शब्द आणि चारी बाजूंच्या चौकटी तेवढ्या पुसल्या होत्या. चौकशीला आलेले साहेब भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, त्यांना नोट कुठे सापडली नाही, आणि चहा घेऊन परत गेले.

पुढच्याच वन्यजीव सप्ताहात वन खात्याच्या माणसांनी त्याच भिंतीला जनजागृतीचं बक्षीस दिलं. ते अर्थातच अध्यक्षांनी स्वीकारलं. शाल, नारळ घेतलेले भास्करराव आणि त्यांच्या खांद्यावरून डोकावणारा रोही, असा फोटो निघाला. सर मागच्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि त्या टाळ्या अगदी मनापासूनच्या होत्या.

सर निवृत्त झाले. एका सकाळी त्यांच्या दारात ट्रॅक्टर थांबला. भास्करराव पत्र्याची मोठी शीट उतरवत होते.

"सर, याच्यावर एक वाघ काढून द्या. वाघ पाहून रोही बुजते म्हणतात."

सरांनी मागच्या तक्रारीचं नावही काढलं नाही. कितीतरी दिवस खपून त्यांनी वाघ रंगवला. त्यांच्या हातून इतकं जिवंत चित्र दुसरं उतरलं नसेल. पत्रा बांधावर उभा राहिला आणि लगेच भास्कररावांचा फोन आला, "सर, वाघ बरोबर नाही निघाला."

आम्ही दोघं पाहायला गेलो. रोह्यांचा कळप वाघाच्या पुढ्यात निवांत चरत होता. एक पिल्लू तर वाघाला टेकून उभं होतं.

"वाघ बरोबरच आहे भाऊ," सर म्हणाले. "पण यायनं वाघ पाह्यलाच कुठं?"

भास्करराव आधी सरांकडे पाहत राहिले, मग वाघाकडे, आणि बांधावर बसून पोट धरून हसू लागले. सरांच्या बोलण्याला ते हसलेले मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यानंतर बऱ्याच संध्याकाळी ते दोघं त्या बांधावर बसलेले दिसत. रोही हाकलायला गेलेली माणसं इतका वेळ बसून काय करतात, हे मी कधी विचारलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. दुपारी जेवून लवंडले, ते उठलेच नाहीत. तेरवीला भास्करराव मंडपाच्या कडेला एकटेच बसले होते. मला पाहून म्हणाले, "म्याडम, सराच्या वाघाचा पोटावरचा रंग उडून राह्यला. रोही अंग घासतात त्याले."

मी म्हणाले, "माझ्या ओळखीचा एक पेंटर आहे. चांगलं काढतो. पाठवू का?"

त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं.

"नाही, राहू द्या," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या हातचा वाघ पाहून बुजतील बिचारे."