परातवाली पोर आणि डावा हात

बोआटेमाने बँकेतली पक्की नोकरी सोडून मोबाइलवरच्या खेळांची कंपनी काढली, तेव्हा कुमासी शहरात तिला वेडी म्हणायचं कुणी बाकी ठेवलं नाही. म्हणणाऱ्यांचं अगदीच चुकलं होतं असंही नाही म्हणा. पहिला खेळ सपशेल आपटला. त्यात बंदुका होत्या, बर्फ होता, गोरे सैनिक होते. "बर्फ तू कुठे पाहिलास गं, फ्रीजमध्ये?" तिची सख्खी बहीण म्हणाली. दुसरी कुणी असती तर तोंड लपवून बँकेत परत गेली असती. ही म्हणाली, "बरोबर बोलतेय ती." आणि केजेतियाच्या बाजारात डोक्यावर परात घेऊन संत्री विकणाऱ्या पोरीचा खेळ करायला घेतला. तोही महागड्या फोनवर नाही, बटणांच्या साध्या फोनवर चालेल असा.

फ्रिम्पोंग तिचा चित्रकार. शिंप्याच्या दुकानावरच्या एका खोलीत तो आणि आणखी तिघं तिच्या हाताखाली राबायचे. त्याला कधी तिचे पाय धरावेसे वाटत, कधी तिचं डोकं फोडावंसं वाटे, आणि बहुतेक वेळा दोन्ही एकदमच.

आता हेच बघा. खेळ लोकांना जमतोय का हे तपासायला बाकीच्या कंपन्या म्हणे मुद्दाम माणसं बोलावतात. बोआटेमा शनिवारी काळी-लाल वस्त्रं नेसून कुणाच्या तरी अंत्यविधीला जायची. कुमासीत शनिवारी कुणाचा ना कुणाचा असतोच. मंडपाखाली पणजीपासून वकिलापर्यंत सगळे दिवसभर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलेले. त्यांच्या हातात फोन द्यायचा आणि मागे उभं राहून ऐकायचं. इतके खरे बोल कुठे मिळणार?

त्या शनिवारी तिच्याच एका मावशीचा विधी होता. खेळ पूर्ण झाला होता. सोमवारी तो एका फोन बनवणाऱ्या कंपनीला दाखवायचा होता. त्यांना पटला, तर त्यांच्या प्रत्येक नव्या फोनमध्ये जाणार. नाही पटला, तर खोलीला कुलूप.

रडणं सकाळीच आटोपलं होतं, आता मंडपात नेहमीसारखी नुसती धमाल उडाली होती. फोन या खुर्चीवरून त्या खुर्चीवर फिरत होता. फिरत फिरत तो वोफांकडे गेला. वोफा म्हणजे बोआटेमाचे थोरले मामा, सगळ्या घराण्याचे प्रमुख. त्यांनी चष्मा लावला, दोन संत्री विकली, आणि एकदम फोन मांडीवर पालथा ठेवला.

"कुणाची पोर आहे ही? डाव्या हाताने देते!"

आसपासचं हसणं बंद पडलं. फ्रिम्पोंगने फोन उचलून पाहिला. फोनमध्ये जागा कमी, म्हणून त्याने पोरीचं चित्र एकाच बाजूने काढलं होतं. ती दुसरीकडे वळली की तेच चित्र उलटं दिसायचं. सगळे असंच करतात. पण मग उजवा हात परातीला लागायचा आणि संत्रं डाव्या हातात यायचं. गेले कित्येक महिने पाचही जण ती पोर बघत होते, आणि डाव्या हाताने कुणाला काही द्यायचं नाही असं बजावणाऱ्या आकान जमातीतल्या आईबापांची ही पाच लेकरं, एकाच्याही डोळ्याला खुपलं नाही!

"चित्र उलटं केलंय, वोफा," तो पुटपुटला.

"चित्र केलंस ते केलंस, तिचं वळणही उलटं केलंस की रे!"

फ्रिम्पोंगने बोआटेमाला बाजूला ओढलं. "नव्याने काढलं तर फोनमध्ये मावणार नाही. गप्प बसू या. सोमवारी कुणाच्या लक्षातही येणार नाही."

"लोकांच्या येईल."

एवढ्यात एक मावसबहीण आली. उजव्या कडेवर झोपलेलं बाळ, डाव्या हातात पाण्याचा ग्लास. "डाव्या हाताची माफी हं, वोफा," ती म्हणाली. वोफांनी ग्लास घेतला आणि घटाघटा रिकामा केला.

बोआटेमा बघतच राहिली. मग तिने फ्रिम्पोंगचा दंड असा आवळला की तो कळवळला. "चित्र राहू दे तसंच! पोरीला माफी मागू दे. डावीकडे वळली की खेळणाऱ्याने आधी माफीचं बटण दाबायचं, मग संत्रं. विसरला, तर गिऱ्हाईक पोरीची शोभा करेल."

"मॅडम, अख्खा खेळ मोडावा लागेल. सोमवारपर्यंत अर्धासुद्धा होणार नाही."

"मग अर्धा दाखवू."

रविवारी सकाळी तिने आणखी एक पराक्रम केला. जुना, पूर्ण झालेला खेळ सगळीकडून पुसून टाकला. फ्रिम्पोंग तर रडायच्या बेताला आला. "तो हाताशी असला ना," ती म्हणाली, "तर सोमवारी माझेच पाय लटपटतील."

सोमवारी कंपनीच्या ओपारे साहेबांनी खेळ उघडला. चौथ्या गिऱ्हाइकापाशी तो अडकला.

"हा अर्धाच आहे."

"हो साहेब. परवापर्यंत पूर्ण होता. पण चुकीचा होता." तिने सगळं सांगितलं, काही न लपवता.

"अहो, मग तो पूर्णच द्या! डावं-उजवं कोण बघतंय?"

"तो पुसला, साहेब."

"पुसला? मग आमच्यापुढे ठेवायला दुसरं काय आहे तुमच्याकडे?"

"हाच."

साहेबांनी वैतागून खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. माफी मागायची राहिली. पडद्यावरची म्हातारी कडाडली, "काय गं, घरात मोठं माणूस नाही वाटतं कुणी?" दारातली सेक्रेटरी फिस्सकन हसली. साहेब सावरून बसले. पुन्हा विसरले, पुन्हा बोलणी खाल्ली. तिसऱ्यांदा बटण दाबायचं सोडून ते फोनलाच मोठ्याने म्हणाले, "चुकलो, आई, चुकलो!"

सगळी कचेरी हसली. साहेबही हसले. "पूर्ण करून आणा," ते म्हणाले. "आम्ही घेतो. पण या म्हातारीची जीभ कापायची नाही, सांगून ठेवतो."

बाहेर येऊन बोआटेमा मक्याच्या पिठाची केंकी आणि तळलेले मासे आणायला रस्त्यापलीकडे पळाली. तेवढ्यात फ्रिम्पोंगचा फोन वाजला. वोफा होते.

"काय रे, उद्यापासून येताय ना माझ्या छापखान्यात? नाहीतर मी दुसरी माणसं बघतो."

"छापखान्यात? आम्ही?"

"म्हणजे बोलली नाही ती तुम्हाला? काल सकाळी माझ्या दारात येऊन बसली होती. सोमवारी बुडालो तर माझ्या चौघांना कामावर घ्या, म्हणाली. शब्द घेतल्याशिवाय उठेना."

"चौघांना?" फ्रिम्पोंगने विचारलं. "आणि मॅडमना?"

"तिचं मीही विचारलं," वोफा म्हणाले. "म्हणाली, माझं माझं मी बघेन."

पलीकडे बोआटेमा माशांच्या आकारावरून विक्रेतीशी तावातावाने भांडत होती. फ्रिम्पोंगला डोळे पुसायला खिशात रुमाल सापडेना.