बाप पोलजवळ उभा होता

"दात नको दाखवू बाबू," अध्यक्षसाहेब म्हणाले. "दुःखाचा फोटो आहे."

मी हसत होतो कारण आम्ही बास्केटबॉलची मॅच जिंकलो होतो. दारव्ह्यात, त्यांच्याच ग्राउंडवर, त्यांच्याच गावासमोर. बोर्डाखालचे शेवटचे बॉल मी ओढले होते. घाम वाळला नव्हता. आणि आमच्या संस्थेचे अध्यक्ष माझ्या खांद्यावर हात टाकून पेपरवाल्यासमोर उभे राहिले. त्यांचं डोकं माझ्या छातीला लागत होतं, म्हणून मला वाकायला सांगितलं. वाकलो. हसू नको म्हणाले. थांबलो. पेपरवाल्यानं विचारलं, वडील कधी गेले? मी तोंड उघडायच्या आत आमचे कोचसर बोलले, मागच्याच साली, कापसानं नेलं.

माझा बा त्या दिवशी सांगलीकडं ऊस तोडत होता. धडधाकट.

हे झालं कसं ते सांगतो. मी फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरचा. बंजारा. आश्रमशाळेत शिकलो, तिथंच बास्केटबॉल शिकलो. मातीचं ग्राउंड, लाकडी खांबाला ठोकलेली लोखंडी कडी, जाळी नाहीच. उंची बाची घेतली. बारावी करून यवतमाळला कॉलेजात आलो तेव्हा डोकं भादरलेलं होतं, कारण त्याच महिन्यात माझा आजा वारला होता. म्हातारा होऊन वारला. सकाळी मटण मागून खाल्लं, दुपारी आडवा झाला तो उठलाच नाही. असं मरण सगळ्यांना येवो. पण ती सालं अशी होती की यवतमाळ जिल्ह्यात कुणी वयानं मरू शकतो यावर शहरातल्या लोकांचा विश्वासच उरला नव्हता. कापसाला भाव नव्हता. रोज पेपरात कुणीतरी फवारणीचं औषध प्यायलेला. मुंबई-दिल्लीच्या गाड्या धूळ उडवत गावोगाव फिरत होत्या, मेलेल्या माणसाचं घर विचारत. अशात खेड्यातून आलेलं उंच पोरगं, टक्कल केलेलं. कोचसरांनी बघितलं आणि मनाशी ठरवून टाकलं, याच्या बापानं औषध घेतलं.

मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सर, आजा वारला, बा आहे. त्यांनी मान हलवली आणि मला हात पसरायला लावून लांबी बघितली. पुन्हा सांगितलं तोवर गोष्ट वर गेली होती. अध्यक्षसाहेबांनी फी माफ केली होती, होस्टेलात जागा दिली होती, आणि एका सभेत माझ्याबद्दल बोलूनही आले होते. कोचसर मला पाण्याच्या टाकीमागं घेऊन गेले. तुझ्या बापाचं यात काय बिघडलं, म्हणाले. तो तिकडं, तू इकडं. साहेबांना आता खोटं पाडायचं का? होस्टेल पाहिजे ना? युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये नाव पाहिजे ना?

मला दोन्ही पाहिजे होतं. फार पाहिजे होतं. युनिव्हर्सिटी खेळलेल्या पोरांना पोलिसात घेतात असं ऐकलं होतं. बाच्या हातातला कोयता सोडवायचा, एवढंच डोक्यात होतं.

आणि गंमत बघा. माझ्या बाच्या नावावर वावरच नाही. सातबाऱ्यावर आमचं नाव कधी चढलं नाही. तो खरंच औषध पिऊन मेला असता तर सरकारनं त्याला शेतकरी धरलं नसतं, फाइल अपात्र झाली असती. बिनजमिनीचा माणूस जगला तरी कुणी विचारत नाही, मेला तरी विचारत नाही. खोटा मेलेला मात्र चालतो. त्याच्या पोराबरोबर फोटो काढता येतो.

टीममध्ये बहुतेक पोरं शहरातली. वकिलाची, डॉक्टरची, कलेक्टर ऑफिसातल्या बाबूंची. कॅप्टन वकिलाचा. तेव्हा सरकारनं आत्महत्याग्रस्तांसाठी पॅकेज जाहीर केलं होतं आणि ज्याच्या त्याच्या तोंडी तोच शब्द होता. कॅप्टननं माझं तेच नाव ठेवलं. पॅकेजला पास दे. पॅकेज, बॉल सोड. मी बोर्डाखाली उडी घेतली की बाकावरून आवाज यायचा, आलं रे पॅकेज. मग हशा. कॅप्टनच्या आईनं एकदा त्याचे जुने शर्ट पाठवले, बाप नाही बिचाऱ्याला म्हणून. बाह्या माझ्या कोपरापर्यंत यायच्या. मी ते होस्टेलच्या फरशा पुसायला दिले. अशा पोरांना लोक म्हणतात, मनानं वाईट नव्हती. मी म्हणतो होती.

एक जावेद सोडून. तो आमचा बॉल पुढं नेणारा गडी, त्याचे अब्बा मोटरसायकलचे मेकॅनिक. तो मला माझ्या नावानं हाक मारायचा. खरं काय ते टीममध्ये फक्त त्याला माहीत होतं. एकदा प्रॅक्टिसनंतर बुटांच्या नाड्या सोडता सोडता तो म्हणाला, "तेरे अब्बा को तो बता दे भाई, के वो गुजर गये." आम्ही दोघं हसलो. नंतर मला रडू आलं. तो बघायचं टाळून नाड्याच सोडत बसला.

त्या सीझनला आम्ही हरतच नव्हतो. दारव्हा झालं, पुसद झालं, वर्धा झालं. जिथं जाऊ तिथं कोचसर आधी माइकवाल्याला गाठायचे. पुसदला हाफ टाइमला माझी कहाणी सांगितली. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या हाफमध्ये मी बॉल घेऊन रिंगकडं निघालो तर समोरचा गार्ड बाजूला झाला. हात वर केले नाहीत त्यानं. मला जाऊ दिलं. चेहरा असा केला होता जसा मयतीला आलाय. मी बास्केट टाकला, तो मोजलाही गेला, आणि मला वाटलं आता बॉल याच्या तोंडावर मारावा. मला खेळताना एकच गोष्ट मिळायची, समोरचा मला अडवायला जीव तोडायचा. माझी जात, माझं गाव, माझा शर्ट, काही न बघता अडवायचा. तेवढी एक बरोबरी होती. तीही या लोकांनी काढून घेतली.

होळीच्या आधी अध्यक्षसाहेबांनी स्वतःच्या नावाची ट्रॉफी भरवली. आमच्याच कॉलेजच्या ग्राउंडवर. फायनलला युनिव्हर्सिटीचे निवड करणारे येणार होते. आणि हाफ टाइमला माझ्या आईचा सत्कार. शिलाई मशीन द्यायचं होतं तिला. आदल्या आठवड्यात कोचसरांनी मला बोलावलं.

"आईले सांगजो," ते म्हणाले, "कुंकू लावून येऊ नको म्हणा."

मी म्हणालो, सर, हे होणार नाही. ते म्हणाले, मग फायनलला तुझ्या जागी दुसरा उतरेल. मी निरोप धाडला नाही, आणि तसं त्यांना सांगितलंही नाही. त्यांनी शिपायाला जीप देऊन थेट तांड्यावर पाठवलं. शिपायानं याडीला एवढंच सांगितलं की पोराचा मान आहे, तुम्हाला बोलावलंय. याडी म्हणजे आई, आमच्या बोलीत.

आता शिपायाला काय माहीत की साखर कारखाना त्या साली लवकर बंद झाला आणि बा होळीसाठी आदल्या दिवशीच घरी आला होता. याडी जीपमध्ये बसली, तिच्यामागं बा पण बसला. शिपायाला वाटलं दीर असेल.

वॉर्म-अपला मी रिंगखाली होतो. मान वर केली तर बोर्डाच्या पोलजवळ बा. लाल पागोटं, नवं धोतर. उन्हानं आणखी काळा पडलेला. मला बघून त्यानं हात वर केला नाही, नुसती मान हलवली, माणसं आपल्या माणसाला हलवतात तशी. माझ्या हातातला बॉल सुटला. चार महिन्यांनी दिसत होता मला तो.

याडी स्टेजजवळच्या खुर्चीवर बसली होती. तिच्या कपाळावर गोंदण असतं, कुंकू नसतं. नवरा जिवंत आहे हे आमच्या म्हाताऱ्या वळणाच्या बाईच्या कानापाशी बघायचं असतं. केसांत गुंफून गालांवर सोडलेल्या चांदीच्या घुगऱ्या. नवरा गेला की त्या उतरतात, दंडावरचा चुडा उतरतो. याडीनं घुगऱ्या चिंचेनं घासून लख्ख केल्या होत्या. दंडभर चुडा होता. कोचसर तिच्यासमोर गेले, तिचं कपाळ बघितलं, कुंकू दिसलं नाही. वळून त्यांनी मला अंगठा दाखवला. पोरानं ऐकलं म्हणून खूश.

पहिल्या हाफमध्ये मी खेळलो. बा बघतोय म्हणून खेळलो. आम्ही पुढं होतो. शिट्टी झाली, आम्ही बाकावर येऊन बसलो आणि याडीला स्टेजवर बोलावलं. तिनं ओढणी सारखी केली आणि चढली. बानं टाळीसाठी हात उचलले. आपल्या बायकोला एवढ्या लोकांसमोर मान मिळतोय, कुणाला नाही वाटणार.

मग माइकवाला बोलला. या माउलीच्या नवऱ्यानं आत्महत्या केली. हिचं कुंकू कापसानं पुसलं.

बाचे हात तसेच राहिले. टाळी वाजली नाही. याडीनं माइककडं बघितलं, अध्यक्षांकडं बघितलं, मग गर्दीत त्याला शोधायला लागली. घाबरली होती ती. घुगऱ्या हलत होत्या तिच्या, आणि स्टेजवर कुणालाही त्या दिसत नव्हत्या. अध्यक्षसाहेब मशीनवर हात ठेवून फोटोसाठी उभे होते.

मी उठलो. कोचसरांनी माझी जर्सी धरली. ती काखेत फाटली. मी चालत गेलो, पळालो नाही. स्टेजवर चढलो आणि माइकवाल्याच्या हातातून माइक घेतला. शुद्ध बोलायचं सुचलं नाही.

"हे माही याडी हाय," मी म्हणालो. "हिचा नवरा मेला नाही. तो काय तिथं उभा हाय, पोलजवळ, लाल पागोट्यात. माहा बा हाय तो. ऊस तोडतो."

सगळं ग्राउंड पोलकडं वळलं. बा पहिल्यांदा ओशाळला. मग त्यानं पागोटं नीट केलं आणि सरळ उभा राहिला. पूर्ण उंचीनं.

अध्यक्षसाहेबांनी माइकवर हात दाबला. चेहरा हसराच ठेवला होता, फोटोवाला समोर होता ना. "सगळं जाईल तुझं," ते हळूच म्हणाले.

"जाऊ द्या," मी म्हणालो.

याडी मशीनला हात न लावता स्टेजवरून उतरली. गर्दीतून वाट काढत बाजवळ जाऊन उभी राहिली. एवढंच केलं तिनं. एवढ्यानं सगळ्या ग्राउंडला खरं काय ते कळलं.

दुसऱ्या हाफला मला उतरवलं नाही. बाकावरही बसू दिलं नाही. मी जावेदला सांगितलं, तू खेळ, माझ्यासाठी थांबू नको. मी आईबापाजवळ उभा राहून मॅच बघितली. टीम हरली. युनिव्हर्सिटीचे लोक चहा पिऊन निघून गेले. एकदा बॉल बाहेर गेला तो बाच्या पायाशी. घ्यायला कॅप्टन आला. बानं बॉल उचलून त्याच्या हातात दिला. कॅप्टननं वर बघितलं नाही.

एसटी स्टँडवर आम्ही गाडीची वाट बघत होतो. बानं आमच्या बोलीत विचारलं. मी इथं सगळ्यांना कळेल तसं लिहितो.

"काहून मारलं रे मले त्यायनं?"

"जित्या माणसाले ते काही देत नाहीत, बा."

त्यानं गाडी येते का ते बघितलं. "मंग घेऊ नको," म्हणाला. "मी हाव ना अजून." आणि गाडी लागली तशी याडीला घेऊन चढला.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. कोचसर तिथंच बसले होते. म्हणाले, भावनेच्या भरात बोललो म्हण, साहेबांच्या पाया पड, होस्टेल राहील. मी विचारलं, कोणत्या भावनेच्या? बाप जिवंत असणं ही भावना आहे का? संध्याकाळी माझी ट्रंक होस्टेलच्या गेटबाहेर होती. ती जावेदच्या अब्बांच्या दुकानात ठेवली. तिथंच झोपलो, तिथंच काम केलं, परीक्षा दिल्या. त्या कॉलेजची जर्सी पुन्हा अंगात घातली नाही. युनिव्हर्सिटी खेळलो नाही. पोलीस झालो नाही. बानं त्यानंतरही पुष्कळ वर्षं ऊस तोडला. हे सगळं माझ्या त्या एका वाक्यानं गेलं, मला माहीत आहे. ते वाक्य मी उद्या पुन्हा बोलेन.

आज मी एका आश्रमशाळेत पोरांना खेळवतो. ती ट्रॉफी अजून भरते. अध्यक्षसाहेब गेले, आता त्यांचे चिरंजीव भरवतात. दरवर्षी फायनलला मी जातो. हाफ टाइमला स्टेजखाली उभा राहतो आणि सांगतो, तुम्ही या ग्राउंडवर माझ्या बापाला मेलेला जाहीर केलं, आता याच ग्राउंडवर तो जिवंत आहे असं जाहीर करा. ते म्हणतात, जुनं झालं सर, सोडून द्या. चहा घ्या म्हणतात. एकदा दोन पोरांनी दंडाला धरून गेटबाहेर नेलं. मी पुढच्या वर्षी परत गेलो.

मला तुमची माफी नको. मशीन नको, शाल नको. बा आता थकला आहे. हात थरथरतात, खोकला जात नाही. एक दिवस तो जाईल, वयानं, आपल्या मरणानं. त्याच्या आधी तुम्हाला हे म्हणावं लागेल. मोठ्यानं, माइकवरून, तो समोर उभा असताना. तोवर मी येतच राहणार.