फळ्यावरची नावं

आमच्या लॉन्ड्रीच्या मुकादमाला विनोदाची भारी हौस. माणसांना हसवत कामाला लावतो, असं तो मालकाला फुशारकीने सांगायचा. हसायचंही आम्हीच आणि हसं व्हायचं तेही आमचंच. त्याने प्रत्येकाला एक टोपणनाव चिकटवलं होतं आणि रोजच्या कामाच्या फळ्यावर खडूने तीच नावं लिहायचा. मी टकलू. इस्त्रीवरची बाई कामाला जरा सावकाश, म्हणून ती कासव. जो हसला नाही, त्याची दुसऱ्या दिवशी बॉयलरजवळ रवानगी. अकरा वर्षं आम्ही मुकाट दात काढले.

परवा त्या बाईचा हात इस्त्रीच्या रोलरमध्ये सापडला. मुकादम आणि मी तिला दवाखान्यात घेऊन गेलो. खिडकीतल्या नर्सने फॉर्म पुढे ओढला आणि पेशंटचं नाव विचारलं. मुकादमाने तोंड उघडलं, मिटलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला तिचं नाव ठाऊक होतं. मी भिंतीकडे बघत राहिलो.

"अहो, नाव सांगा की," नर्स वैतागली.

बाकावरून बाईच म्हणाली, "कासव लिहा, सिस्टर." मग ती मुकादमाकडे वळली. "हसा की साहेब."